दातांनी ऐकलेला आवाज : अस्थिवहनाची पावणेपाचशे वर्षे

दोन्ही कानांत बोटे घाला, ओठ मिटा आणि हलकेच 'हूं' म्हणा. कान बंद केल्यावर आवाज मंदावायला हवा. प्रत्यक्षात तो घुमू लागतो आणि डोक्याच्या आतूनच येत असल्यासारखा वाटतो. आजचा धागा या साध्या अनुभवाच्या इतिहासाचा आहे. हल्ली सकाळी पळणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या गालफडांवर, कानाचे भोक न झाकता बसलेले जे 'बोन कंडक्शन' हेडफोन दिसतात, त्यांचे मूळ या गुणगुणण्यात आहे. ते घ्यावेत की न घ्यावेत हा प्रश्न आजच्या बाजारातला; त्याचे उत्तर मात्र बाजाराहून बरेच जुने आहे, आणि त्या उत्तराचा एक भाग विक्रेते १८७९पासून सोयीस्करपणे गाळत आले आहेत.

आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकल्यावर तो परका, काहीसा पातळ का वाटतो, याचेही कारण हेच. बोलताना आपण स्वतःला दोन वाटांनी ऐकतो : तोंडातून निघून हवेतून कानात शिरणारा आवाज आणि जबड्यातून, कवटीतून थेट अंतर्कर्णात पोचणारा आवाज. दुसऱ्या वाटेने खर्जाचा भाग अधिक पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये ही दुसरी वाट नसते. जग आपला जो आवाज ऐकते तो आपण स्वतः कधीच ऐकत नाही. आणि आपण जो ऐकतो तो दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही.

या वाटेची लेखी नोंद करणाऱ्या आरंभीच्या विद्वानांत जिरोलामो कार्दानोचे नाव येते. हा मिलानचा वैद्य आणि गणिती. घन समीकरणांच्या उकलींमुळे गणिताच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. १५५०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दे सुबतिलिताते' या त्याच्या ग्रंथात, दातांत धरलेल्या काठीच्या किंवा भाल्याच्या दांड्याच्या मदतीने आवाज ऐकता येतो, असा उल्लेख आहे. विश्वातील असंख्य चमत्कृतींपैकी एक, एवढेच त्याचे स्थान तिथे आहे. कार्दानोला त्याचे पुढे काय करायचे हे सुचले नाही.

सुचले ते पादुआच्या एका वैद्याला. जिरोलामो कापिवाच्ची (मृत्यू १५८९) हा तिथल्या विद्यापीठातला वैद्यकाचा प्राध्यापक. बहिऱ्या रुग्णाच्या दातांत तो लोखंडी सळईचे एक टोक देई आणि दुसरे टोक झिदर या तंतुवाद्याच्या तारांना टेकवी. तार छेडल्यावर रुग्णाला नाद ऐकू आला, तर दोष कानाच्या पडद्याकडे. नाही आला, तर दोष आत, श्रवणाच्या नसेत. त्याचे शरीरशास्त्र आजच्या मानाने तुटपुंजे होते, पण त्याने विचारलेला प्रश्न अचूक होता : ऐकू येत नाही हे खरे, पण वाट नेमकी कुठे अडली आहे? पुढचा सगळा धागा या प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून तो लक्षात ठेवावा.

थोडे शरीरशास्त्र येथे अपरिहार्य आहे. हवेतला ध्वनी कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे साखळीने जोडलेली असतात. ती पडद्याचे कंपन पुढे अंतर्कर्णातल्या शंखाकृती नलिकेत, म्हणजे कर्णावर्तात, ढकलतात. कर्णावर्तात द्रव भरलेला असतो. हवेतला ध्वनी द्रवावर नुसता आदळला तर बहुतांशी परतूनच जातो. ही अडचण ओलांडण्यासाठीच मधल्या कानाची सारी यंत्रणा आहे. द्रवातली लाट केसांसारख्या सूक्ष्म पेशींना हलवते, त्या पेशी नसेला विद्युतसंदेश देतात आणि मग आपण 'ऐकतो'. हाडातून येणारे कंपन पडदा आणि साखळी यांना बव्हंशी बगल देऊन कर्णावर्ताच्या भिंतीच हलवते. बगल दिली जाते ती फक्त पहिल्या दोन खोल्यांना. तिसरी खोली, म्हणजे कर्णावर्त आणि त्यातल्या त्या पेशी, दोन्ही वाटांना समान आहे.

कापिवाच्चीच्या सळईला सुटसुटीत रूप यायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १७११मध्ये जॉन शोर या इंग्रज वादकाने नादकाटा तयार केला, तोही वाद्ये जुळवण्यासाठी. वैद्यकाने तो उसना घेतला १९व्या शतकात. चार्ल्स व्हीटस्टनने १८२७मध्ये नोंदवले, की नादकाटा डोक्याला टेकवून एक कान बोटाने बंद केला, तर नाद त्या बंद कानातच जोराने ऐकू येतो. विद्युतमापनातल्या 'व्हीटस्टन ब्रिज'मुळे आपण शाळेत भेटतो तोच हा गृहस्थ. त्याचे घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे होते हे फारसे सांगितले जात नाही. १८३४मध्ये जर्मनीत एर्न्स्ट हाइनरिश वेबरने हाच परिणाम स्वतंत्रपणे वर्णिला आणि १८५५मध्ये ग्योटिंगेनच्या हाइनरिश आडोल्फ रिनेने त्यावरून एक चाचणी बसवली. नादकाटा प्रथम कानामागच्या हाडावर टेकवायचा. तेथे ऐकू येईनासा झाला की कानासमोर धरायचा. निरोगी कानाला तो हवेतून अजूनही ऐकू येतो. मधला कान बिघडला असेल तर उलटे घडते : हाडावरचा नाद हवेतल्या नादाहून सरस ठरतो. आज कोणत्याही कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या टेबलावर ५१२ हर्ट्झचा नादकाटा दिसतो तो या दोघांच्या चाचण्यांसाठीच. महागडी यंत्रे आली, तरी पादुआचा प्रश्न अजून त्याच पद्धतीने विचारला जातो.

आता बेटहोव्हेन. हाडांतून ऐकण्याच्या उपकरणांची जाहिरात त्याच्या नावावाचून पुरी होत नाही : बहिरा झालेला महान संगीतकार दातांत काठी धरून, तिचे दुसरे टोक पियानोला टेकवून रचना करीत असे, वगैरे. ही कथा सावधपणे घ्यावी. निश्चित आहे ते असे. १८०१च्या जून महिन्यात त्याने आपला मित्र वेगेलर याला पत्र लिहून ऐकू कमी येत असल्याची कबुली दिली. मेल्त्सेल या यंत्रज्ञाने त्याच्यासाठी धातूचे कर्णे बनवले आणि ते आज बॉनमधल्या बेटहोव्हेनच्या जन्मघराच्या संग्रहालयात आहेत. १८१८पासून तो भेटायला येणाऱ्यांना वह्यांत प्रश्न लिहायला लावी. १८२७मध्ये त्याच्या शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्याची नोंद झाली. त्याच्या बहिरेपणाच्या कारणाविषयी वैद्यांत आजही एकमत नाही. पण दोष खरोखर नसेत असेल, तर काठी त्याच्या जबड्याला कंपन देई, संगीत नव्हे. म्हणजे जी कथा जाहिरातदार अस्थिवहनाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून वापरतात, तीच कदाचित त्याच्या मर्यादेचा दाखला असू शकते. शोकांतिका सांगितली की माल खपतो, एवढे मात्र १९व्या शतकानेच ओळखले होते.

आणि येथे आपण शिकागोत येतो.

रिचर्ड सिल्व्हेस्टर ऱ्होड्स हा तिथला पुस्तकप्रकाशक, स्वतः बहिरा. दातांत धरलेल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येते, हे ध्यानात आल्यावर त्याने प्रयोग सुरू केले आणि सप्टेंबर १८७९मध्ये 'ऑडिफोन'चे पेटंट मिळवले. हे उपकरण म्हणजे कडक काळ्या रबराचा पातळ पंखा. बायका वारा घ्यायला वापरत तसाच, मूठ असलेला. पंख्याच्या वरच्या कडेपासून मुठीपर्यंत दोऱ्या ताणलेल्या. त्या ओढून पंखा हवा तितका वाकवायचा आणि त्याची कड वरच्या दातांना टेकवायची. हवेतला आवाज पंख्यावर आदळे, पंखा थरथरे आणि ती थरथर दातांतून कवटीत जाई. ना विद्युत, ना बॅटरी.

त्याच्या यशाचे एक कारण मला ध्वनिशास्त्राबाहेरचे वाटते. तोवर कमी ऐकू येणाऱ्याच्या हाती असे तो कर्णा, आणि कर्णा कानाला लावला की सभेत सर्वांच्या नजरा वळत. पंखा हाती असणे ही तर त्या काळच्या दिवाणखान्यातली शिष्टसंमत गोष्ट. बहिरेपण लपवण्याची सोय ऱ्होड्सने ऐकण्याच्या सोयीबरोबर विकली. लगोलग सिनसिनाटीहून 'डेंटाफोन' नावाचा प्रतिस्पर्धी बाजारात आला. जिनिव्हात दानिएल कोलादोनने रबराऐवजी साधा पुठ्ठा वापरून अत्यल्प किमतीत तेच काम साधून दाखवले. कोलादोनचे नाव मुद्दाम सांगतो : १८२६मध्ये जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून पाण्यातला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४३५ मीटर असल्याचे मोजणारा तो हाच. ध्वनी हवेवाचूनही दूर जातो, हे त्याच्याइतके कुणाला पटलेले असणार! त्याचा पुठ्ठा म्हणजे महागड्या पेटंटवर एका भौतिकशास्त्रज्ञाने केलेली सभ्य टिप्पणीच म्हणावी लागेल.

पण ऱ्होड्सची जाहिरात तेवढ्यावर थांबत नव्हती. बहिऱ्यांना ऐकू येईल आणि मूकबधिरांना ऐकून बोलायलाही शिकता येईल, असे तिचे आश्वासन होते. कापिवाच्चीचा प्रश्न येथे विचारायला हवा होता. ज्यांचा पडदा फाटला आहे, कान वर्षानुवर्षे वाहतो आहे किंवा रिकीब जागच्या जागी घट्ट झाली आहे, अशांना पंखा खरोखर उपयोगी पडणे शक्य होते. ज्यांचे कर्णावर्त वा नसच निकामी होती त्यांच्यासाठी तो पंखाच होता. जन्मतः बधिर मुलांपैकी पुष्कळ या दुसऱ्या गटात मोडतात.

हे आश्वासन कोणत्या काळात दिले जात होते तेही पाहावे. सप्टेंबर १८८०मध्ये मिलान येथे बधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ऐकू येणाऱ्यांचेच तिथे प्रचंड बहुमत होते, आणि शाळांतून खुणांच्या भाषेऐवजी केवळ मौखिक पद्धतीनेच शिकवावे असा ठराव तिने केला. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या बधिर मुलांना वर्गात हात चालवण्याची मनाई झाली. २०१०मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावांबद्दल औपचारिक खेद व्यक्त झाला. तोवर १३० वर्षे उलटून गेली होती. ऑडिफोनने मिलानचा ठराव घडवला असे मी म्हणत नाही. पण दोहोंच्या मुळाशी एकच समजूत होती : बधिर माणसाला योग्य उपकरण किंवा योग्य शिस्त लावली की तो ऐकणाऱ्यांसारखा होईल. दोष कुठे आहे हे न तपासता उपाय विकण्याची किंमत उपाय विकणारा भरत नाही.

पुढचे अर्धशतक झरझर सांगता येईल. ग्रामोफोनच्या पूर्वजाचा, फोनोग्राफचा जनक थॉमस एडिसन लहानपणापासून कमी ऐके. यंत्राच्या किंवा पियानोच्या लाकडात दात रोवून तो नमुने पारखत असे. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पर्वातील गुणवत्तेचा निवाडा काही अंशी दातांनी झाला, ही गोष्ट मला फार आवडते. १९२४मध्ये हुगो गर्न्सबॅकला 'ऑसोफोन' या विजेवर चालणाऱ्या, दातांत धरण्याच्या उपकरणाचे पेटंट मिळाले. दोनच वर्षांनी विज्ञानकथांचे पहिले नियतकालिक काढणारा संपादक तो हाच. त्याचे उपकरण मात्र त्याच्या कथांहून साधे होते. १९३०च्या दशकाच्या आरंभी सोनोटोन कंपनीसाठी हुगो लीबर याने कानामागच्या हाडावर बसवण्याचे छोटे कंपक तयार केले. ऐकण्यासाठी काहीतरी चावत बसण्याची गरज तेव्हा संपली. जेवताना ऐकता येऊ लागले, हे त्या वापरणाऱ्यांच्या दृष्टीने लहान सुख नसावे.

मग बुडापेस्ट, १९३२. हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या ध्वनीवर काम करणारा गिओर्ग फॉन बेकेशी याने या इतिहासातला, माझ्या मते, सर्वांत निर्णायक प्रयोग केला. त्याने ऐकणाऱ्याला ४०० हर्ट्झचा एक स्वर हवेतून दिला आणि तोच स्वर हाडातून दिला. मग दुसऱ्या स्वराची तीव्रता आणि कला अशी जुळवली, की एकाचा चढ दुसऱ्याच्या उताराला बरोबर भिडावा. दोन्ही स्वर वाजत असूनही ऐकणाऱ्याला शांतता ऐकू आली.

या शांततेचा अर्थ असा : दोन वाटांनी आलेले स्वर कर्णावर्तात एकाच जागी, एकाच प्रकारे काम करतात; तसे नसते तर ते एकमेकांना खोडू शकलेच नसते. हाडाने ऐकणे हे काही वेगळे, सौम्य, अधिक नैसर्गिक ऐकणे नव्हे. प्रवेशद्वार निराळे, दालन तेच. कर्णावर्तावरील संशोधनासाठी बेकेशीला १९६१चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार मिळाला. हेडफोनच्या खोक्यांवर 'कानाचा पडदा टाळतो, म्हणून श्रवणासाठी सुरक्षित' असे जे आज छापलेले आढळते, त्याचे खंडन या प्रयोगाने सुमारे नव्वद वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. मोठ्या आवाजाने प्रथम मरतात त्या कर्णावर्तातल्या केसपेशी, पडदा नव्हे. आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

उपचाराच्या बाजूने या वाटेचे सार्थक स्वीडनमध्ये झाले. टायटॅनियम जिवंत हाडाशी एकजीव होते, हे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क याने १९५०च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत पाहिले आणि त्यातून दातांची रोपणे आली. १९७७मध्ये गोथेनबर्गला आन्डर्श शेल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांच्या कानामागच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले. त्वचा आणि स्नायू कंपन गिळतात, तो अडथळाच नाहीसा झाला. जन्मतः कानाची नळीच नसलेली मुले, सतत कान वाहत असल्याने नळीत यंत्र घालता न येणारे रुग्ण यांच्यासाठी हा मार्ग आहे. अगदी लहान मुलांना शस्त्रक्रियेआधी तेच कंपक डोक्याभोवतीच्या मऊ पट्टीवर बांधता येते. कापिवाच्चीने ज्यांना वेगळे काढले होते, नेमके त्यांच्यापर्यंत उपाय पोचायला सुमारे चार शतके लागली.

सर्वसामान्य, धड ऐकू येणाऱ्या माणसाच्या गळ्यात ही कल्पना प्रथम पडली ती ऑडिफोननंतर बरोबर शंभर वर्षांनी. १९७९मध्ये अमेरिकेत 'बोन फोन' नावाचा, मफलरसारखा मानेभोवती टाकायचा रेडिओ जाहिरातींतून विकला गेला. आवाज हाडांतून कानात जातो, असा त्याचा दावा. दुर्दैवाने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जपानात सोनीचा वॉकमन आला. मफलर हरला हे सांगायला नको.

वॉकमनची एक बारीक गोष्ट मात्र येथे महत्त्वाची आहे. त्याच्या पहिल्या नमुन्यावर हेडफोनसाठी दोन भोके होती आणि एक नारिंगी बटण होते; ते दाबले की संगीत मंदावे आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे ऐकू येई. चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणे उद्धटपणाचे दिसेल, अशी धास्ती सोनीच्या अकिओ मोरिता यांना वाटत होती. लोकांना तसे काही वाटले नाही. पुढच्या नमुन्यांतून बटण गेले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांचा कल कान अधिकाधिक बंद करण्याकडे राहिला : कानात खोचायच्या गोळ्या, मग भोवतालचा गोंगाट खोडणारी यंत्रणा. २०१०च्या दशकात आफ्टरशॉक्झ (२०२१पासून शॉक्झ) या कंपनीने कानाबाहेर, गालाच्या हाडावर बसणारे हेडफोन लोकप्रिय केले आणि २०१३च्या गूगल ग्लासमध्येही हाडाला टेकणारे कंपकच होते. नारिंगी बटणाची गरज जणू दुसऱ्या दाराने परत आली.

तेव्हा आता रोजच्या वापराचा हिशेब. मी तो बाजूने वा विरुद्ध असा समसमान मांडणार नाही, कारण तो समसमान नाही. कोण, कुठे, काय ऐकतो यावर सारे अवलंबून आहे.

याचा सर्वांत खरा लाभ अंध पादचाऱ्याला होतो. फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, नकाशा वळण सांगतो, आणि तरीही पांढऱ्या काठीचा टक्-टक्, मागून येणारी रिक्षा, भिंत संपून गल्ली सुरू झाल्यावर बदलणारा हवेचा नाद, हे सारे कानाला मोकळे राहते. ज्याचे डोळे कानात असतात त्याने कान झाकून घेणे म्हणजे काय, हे डोळसाला सहज कळणार नाही. त्याखालोखाल पळणारे आणि सायकलस्वार. येथे मात्र एक सावधगिरी : हॉर्न ऐकू येणे आणि हॉर्नकडे लक्ष असणे या दोन गोष्टी आहेत. कान मोकळा राहिला तरी मन गाण्यात किंवा पॉडकास्टच्या युक्तिवादात गुंतलेले असू शकते.

नळीत काही खोचल्याने ज्यांना घाम, खाज, वारंवार संसर्ग होतो, त्यांना हा प्रकार सुखाचा. मधल्या कानाचा दोष असणाऱ्यांपैकी काहींना तर यातून साध्या हेडफोनपेक्षा स्पष्ट ऐकू येते. रिनेच्या नादकाट्याने जे सांगितले तेच हे. पोहणाऱ्यांनाही सोय झाली : पाण्याखाली माणूस मुख्यतः हाडांनीच ऐकतो. ब्लूटूथ मात्र पाण्यात टिकत नाही, म्हणून गाणी उपकरणाच्या स्मृतीतच साठवावी लागतात. कोलादोनला हे दृश्य रुचले असते.

संगीतासाठी मात्र अपेक्षा कमी ठेवावी. खर्ज हा दुबळा दुवा आहे. खालचे स्वर हाडातून पुरेशा जोराने द्यायचे तर कंपकाला मोठी झेप घ्यावी लागते आणि ती कानाऐवजी गालाला गुदगुल्या म्हणून जाणवते. पखवाजाच्या धुमेच्या अंगाची थाप यातून ऐकणे म्हणजे शेजारच्या खोलीत चाललेली मैफल ऐकणे. २०२४मध्ये शॉक्झने आपल्या एका वरच्या श्रेणीतल्या नमुन्यात, ओपनरन प्रो २मध्ये, खर्जासाठी हवेतून वाजणारा वेगळा स्पीकर जोडला. मर्यादेची याहून स्वच्छ पावती दुसरी कोणती असणार?

दुसरी उणीव कमी सांगितली जाते. कवटी एकसंध आहे. उजवीकडचे कंपक डाव्या कर्णावर्तालाही जवळजवळ तितकेच हलवते. त्यामुळेच हाडाची श्रवणचाचणी घेताना तंत्रज्ञाला दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडून तो गुंतवून ठेवावा लागतो. डाव्या-उजव्याचा जो भेद साध्या हेडफोनवर वादकांना आपापल्या जागी बसवतो, तो येथे पुष्कळ पुसट होतो. बोलणे ऐकण्यासाठी, म्हणजे व्याख्याने, बातम्या, श्राव्य पुस्तके यांसाठी याने काही बिघडत नाही. शिवाय कंपकाचा काही आवाज हवेतही निसटतो. ग्रंथालयात शेजाऱ्याला तुमचे व्याख्यान फुकट ऐकायला मिळू शकते. चष्म्याच्या काड्या, हेल्मेटचे पट्टे, ओढणी वा दाट केस यांच्याशीही त्याची जागेवरून भांडणे होतात.

आणि आता तो गाळलेला भाग. कान मोकळा ठेवण्याचा अर्थ गोंगाटालाही दार उघडे ठेवणे असा आहे. शांत गल्लीत मंद आवाजावर हे उपकरण उत्तम चालते. लोकलच्या डब्यात किंवा वर्दळीच्या रस्त्यावर गाडीचा खडखडाट व्याख्यानाला गिळून टाकतो, आणि ऐकणारा नकळत आवाज चढवत जातो. कर्णावर्ताला मग दोन्ही भार एकदम सोसावे लागतात : हवेतून आलेला गोंगाट आणि हाडातून आलेला चढवलेला आवाज. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास अशी आहे; ९० डेसिबलवर तीच मुभा ४ तासांवर येते. मर्यादा हाडाला वेगळी आणि हवेला वेगळी नाही. गंमत अशी, की गोंगाटाच्या प्रवासात कान बंद करणारे साधे हेडफोन मंद आवाजावर ऐकणारा, बोन कंडक्शनवाल्यापेक्षा आपले कान अधिक जपत असू शकतो. 'कानाला अपाय नाही' म्हणून मुलांना हे उपकरण घेऊन देणाऱ्या पालकांनी एवढे तरी विचारात घ्यावे.

गोंगाटात कानात फोमचे बोळे घालून वर हे हेडफोन लावायचे, असा तोडगा काही जण विमानात वापरतात. तो चालतो, आणि खर्जही अचानक भरतो. व्हीटस्टनने नोंदवलेलाच हा परिणाम. मात्र मोकळ्या कानासाठी घेतलेली वस्तू कान बंद करून वापरण्यात काय राहिले, हे ज्याचे त्याने पाहावे. रस्त्यावर तर हे मुळीच करू नये.

हाच परिणाम खरेदीच्या वेळीही कामी येतो. 'बोन कंडक्शन' असे नाव लावून विकले जाणारे स्वस्त नमुने पुष्कळदा कानाजवळ वाजणारे साधे छोटे स्पीकरच असतात. दुकानात हेडफोन चढवा, एखादे भाषण लावा आणि दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा. आवाज विझत गेला तर तो हवेतून येत होता. भरदार होऊन डोक्याच्या मध्यभागी घुमू लागला, तर तो हाडातूनच येतो आहे.